न कळलेल्या गोष्टीचं पारायण

बाई, गेल्या गुरुवारी सकाळी अंघोळ करून मी देवघरापुढे बसलो, उदबत्ती लावली आणि पोथीखालचं, तुम्ही दिलेलं पुस्तक काढून ती गोष्ट पुन्हा वाचली. दर गुरुवारी वाचतो. पंचाण्णव साली कोल्हापूरच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो, तेव्हा उशाजवळचं ते पुस्तक माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "यातली पहिली गोष्ट वाच, मग बोलू." चारच दिवसांत तुम्ही गेलात, बोलणं राहूनच गेलं.

गोष्टीत एक माणूस विहिरीवर दिवसभर दोर वळत बसतो. संध्याकाळी त्याची बहीण येते, "आज नको" म्हणते. तो घरी येऊन दोर उंबऱ्यावर ठेवतो, आणि गोष्ट संपते. भाषा अशी की रहाटाची करकर कानात येते. पण काय नको, का नको, काही कळत नाही. पहिल्यांदा वाचून मी खट्टू झालो. मग वाटलं, कमी माझ्यातच असणार, बाई उगीच देणार नाहीत. जाता जाता मला काही सांगायचं असेल. मी अडतीत गुळाच्या पावत्या करणारा माणूस. पोथी कळली नाही तरी वाचत राहायची, कधीतरी उमगते, एवढंच मला ठाऊक. म्हणून गोष्टीचंही पारायण धरलं.

त्या सकाळी स्वयंपाकघरातून आमच्या हिनं विचारलं, "उमगली का काय आज?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की. बाईंनी वाचाय दिलीया, पुजाय न्हवं. त्यास्नी तरी कळली हुती का?"

मला हसू आलं, आणि मग येईना. हे कधी मनात आलंच नव्हतं. कोडोलीच्या शाळेत एकदा धडा न कळताच मी मान हलवली, तेव्हा सगळ्या वर्गापुढे तुम्ही म्हणालात, "माना डोलवाय नंदीबैल हायस व्हय? कळलं न्हाय तर न्हाय म्हण की." आणि मधल्या सुट्टीत शेजारी बसवून तोच धडा पुन्हा सांगितलात. पण पुस्तक देवघरात आहे तोवर आपलं बोलणं अजून व्हायचं आहे, असं वाटायचं. ते हलवायला हात होत नव्हता.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणूनच लिहवतं. बाई, गोष्ट फार सुंदर लिहिली आहे, आणि मला ती आवडली नाही. आज पुस्तक देवघरातून काढलं आणि फळीवर बाकीच्या पुस्तकांत लावलं. लावताना नमस्कार केला, तो तुम्हाला.