हात सैल सोडा

८ जानेवारी

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद. अक्षर सूनबाईचं, शब्द माझे. फोनवर तू रडतेस, मग मीही रडते, म्हणून पत्रच बरं.

माझा उजवा हात अजूनही, कुणीतरी मांडीवर ठेवून विसरून गेलेल्या पार्सलासारखा पडलेला असतो. अर्धांगाच्या त्या झटक्याने हात नेला आणि तोंड शाबूत ठेवलं. घरच्यांना उलटं चाललं असतं. आता रोज उपचार केंद्रात जाते. तिथे एक रोबो आहे. नुसता खांद्यापासून बोटांपर्यंतचा लोखंडी हात. त्यात माझा हात पट्ट्यांनी बांधतात आणि पडद्यावरचा चेंडू टोपलीत टाकायला लावतात. फिजिओबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, हात सैल सोडा. मी सोडला, आणि चेंडू बरोब्बर टोपलीत! रोज शाबासकीची टाळी वाजते. मी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलंय.

मुलगा म्हणतो, शिवणाचं दुकान बंद करू, कटिंगचं टेबल काढून खोली भाड्याने देऊ. मी उन्हाळ्यापर्यंत मुदत मागितली आहे. तोवर कात्री चालवून दाखवीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात).

या वयात परक्याच्या हातात हात देऊन बसतेस, भावजींना चालतं का? त्यांना म्हणावं, जरा लक्ष ठेवा.

एक विचारू? चेंडूचं कौतुक पानभर लिहिलंस, पण घरी त्या हाताने चमचा धरतेस का, याबद्दल चकार शब्द नाही. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझ्या रागालोभाची धनीण,
ठमू

२ मार्च

चि. ठमूस,
आशीर्वाद. चमच्याचं विचारलंस, म्हणून इतके दिवस उत्तर दिलं नाही.

केंद्रात नवे फिजिओ आले. त्यांनी भाऊसाहेबांची मदत कमी केली आणि माझा हात ओंडक्यासारखा जागच्या जागी. चेंडू हलेना. त्यांनी विचारलं, आजी, आतापर्यंत तुम्ही जोर लावत होता ना? मी म्हटलं, कशाला? बाई सैल सोडा म्हणाल्या होत्या! तेव्हा कळलं, सैल सोडायचा तो फक्त पट्ट्या बांधून होईपर्यंत. मग हात आपणच उचलायचा. कमी पडेल तेवढंच रोबो ढकलतो. म्हणजे एवढे दिवस चेंडू भाऊसाहेबांनी टाकले आणि टाळ्या मी घेतल्या. (इथे आई जे बोलल्या ते मी लिहिलेलं नाही. — सूनबाई)

तुला आठवतं? कॉन्व्हेंटमध्ये हाताची घडी, तोंडावर बोट म्हटलं की मी पुतळा. एकदा सिस्टर घडी सोडा म्हणायला विसरल्या, तर मी मधली सुटी संपेपर्यंत तशीच बसले होते. तू येऊन माझे हात ओढून सोडवलेस. या वेळी तू लांब होतीस गं.

आता टाळी वाजत नाही. मान दुखते, हात थरथरतो, चेंडू मध्येच गळतो. काल मुलगा टेप घेऊन दुकानाची खोली मोजत होता.

तुझी, कुठल्याच कामाची नसलेली,
ताई

२१ एप्रिल

चि. ठमूस,
आशीर्वाद. काल हट्टाने टेबलाशी बसले. जुन्या चादरीच्या तुकड्यावर सूनबाईकडून खडूची रेघ मारून घेतली. बोटं कात्रीच्या कड्यात मी घातली, अंगठा तिने बसवला. कापलं. कापलं कसलं, कुरतडलं. सूनबाई वा वा म्हणाली, तुझे भावजी वा वा म्हणाले, मुलगा दारातून म्हणाला, झेपेल तेवढंच कर. इतका संताप आला! हे सगळे भाऊसाहेबच. मी हात सैल सोडला तरी टाळ्या वाजवतील.

तुकडा सोबत पाठवते. दुकान ठेवू की सोडू, तू सांग. खोटं बोललीस तर मला कळेल.

तुझी ताई

२९ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार, आज पाठ न वाकवता.

तुकडा खिडकीत उजेडाला धरून पाहिला. खडूची रेघ पूर्वेला, तुझी कात्री पश्चिमेला. मी कापलेले बाहुलीचे झगे तू असेच माझ्या अंगावर भिरकावायचीस, आणि मी नाक पुसत परत कापायला बसायची. वा वा तू कधी म्हटलं नाहीस, मीही म्हणणार नाही.

पण शेवटी, कापड संपत आलं तिथे, कात्री भरकटलेली असूनही परत रेघेवर आली आहे. तिथे कुणाचा लोखंडी हात नव्हता. मुलाला सांग, टेबल हलणार नाही. हवं तर मावशीशी येऊन भांड म्हणावं.

तुकडा परत पाठवते आहे. दुसऱ्या कडेला नवी रेघ मारली आहे. मी मारली, म्हणजे तीही वाकडीच असणार, तेवढं सांभाळून घे.

पुन्हा काप.

तुझी ठमू