तलालची तासभर झोप

अल्लाच्या नावाने, मी नव्वाफ सालेम, वय अठ्ठावन्न, लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झालेला ज्येष्ठ इमाम, राहणार करक, या मृत्युपत्रात लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ती सिलिंडरवाल्या दैफल्लाची गाडी. ती रोज सकाळी माझ्याच खिडकीखाली थांबून तेच गाणं वाजवते. त्यापायी हे पहिलं वाक्य मला तीनदा खोडावं लागलं. अल्ला त्याला क्षमा करो. माझी अजून तयारी नाही.

मूलबाळ नाही. बायको अमीरा जाऊन सहा वर्षं झाली. मालमत्तेचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे भाऊ मुतलकला जातील. अमीराच्या मयताला तो बरोबर जेवणाच्या वेळी पोचला होता; तरीही जातील. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर माझी सत्ता.

पुस्तकं पलटणीच्या मशिदीला. तिथे ती कोणी उघडणार नाही. माझ्याकडे तरी कोण उघडत होतं?

गणवेश कोणालाही देऊ नये. सत्तावीस वर्षं तो घालून मी तंबूत शिरलो की पत्ते गादीखाली जात आणि विनोद अर्ध्यावर तुटे. मी बाहेर पडलो की हशा पिके.

पिकअप तलालला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

बारा वर्षांपूर्वी सरहद्दीच्या चौकीवर पहाटे आमचा ड्रायव्हर तलाल म्हणाला, "शेख, रात्रभर पहारा होता. तासभर पडू द्या ना."

मागे बसलेला शिपाई हमदान म्हणाला, "पडू द्या त्याला, नाहीतर तुमचं प्रवचन आम्हाला थेट जन्नतमध्ये ऐकावं लागेल!"

माझ्यासमोर पूर्ण झालेला हा एकच विनोद. पण त्याच दिवशी जुम्म्याच्या नमाजाला पलटणीच्या मशिदीत जनरलसाहेब येणार होते आणि माझ्या प्रवचनाचा विषय होता सबुरी. मी म्हणालो, "अल्ला जागा आहे. गाडी काढ."

उतारावर तलालचा डोळा लागला. हमदान गेला. मला खरचटलं.

मग तलालच्या कुळातली वडीलधारी मंडळी घेऊन मीच हमदानच्या वडिलांकडे, अबू हमदानकडे, गेलो. मागणं मान्य होईपर्यंत प्यायचं नसतं, म्हणून रिवाजाप्रमाणे कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला.

"मागणं काय, शेख?"

"पोराला डुलकी लागली. माफ करा त्याला."

त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. "केलं माफ. प्या."

मी प्यालो. त्या तासाबद्दल बोललो नाही. तेव्हापासून गाव तलालला झोप्या म्हणतं, कोणी त्याच्या हाती गाडी देत नाही. मला बढती मिळाली.

मेल्यावर खरं सांगणं म्हणजे पळून गेल्यावर सलाम ठोकणं. म्हणून हे मृत्युपत्र आजच अबू हमदानना वाचून दाखवीन. गाडी तलाल चालवील.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी:

वाचून दाखवलं. माझा पेला खाली ठेवलेला होता. अबू हमदान तलालकडे वळले. "तू का नाही रे बोललास?"

"शेखांपुढे काय बोलणार, काका?"

"गाढवा!" म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला कॉफी ओतली. "पी. आणि रात्री जेवायला येत जा." मग माझ्याकडे न बघता साक्षीदार म्हणून सही केली. "तुमचा पेला राहू द्या, शेख. आज नाही."

परतताना तलालला जांभया येऊ लागल्या. काल रात्रभर झोपला नव्हता म्हणे. मी म्हणालो, "गाडी बाजूला घे. झोप."

"उशीर होईल, शेख."

"कोण वाट बघतंय?"

साक्षीदार: १. अबू हमदान. २. दैफल्ला, सिलिंडरवाला (सकाळी, गाणं बंद करून).

सही: नव्वाफ सालेम
दिनांक: १४ मार्च २०१९
स्थळ: करकची वाट, थांबलेली पिकअप. तलाल झोपलाय. चाळीस मिनिटं झाली. अजून वीस बाकी.