उत्तरेच्या खोलीतले फर्न आणि माझी सून

मी, खाली सही करणारी, वय पंच्याहत्तर, धंदा शिवणकाम (डोळ्यांनी दगा दिल्यामुळे बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा नेमकी तीच हरकत घेईल.

एक. राहते घर मी स्वतःच्या शिलाईच्या कमाईतून घेतले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. ते मी माझ्या सुनेला देत आहे. मुलाने तिला सोडले, रीतसर घटस्फोट झाला, तरी ती माझ्याजवळच राहते. वकील म्हणाले, "मग आता ती तुमची सून कशी?" मी म्हटले, "घटस्फोट त्याने घेतलाय, मी नाही." त्यांनी तसेच लिहून घेतले.

दोन. उत्तरेच्या खोलीतले सर्व फर्न तिचेच. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिला पानांखाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. कीड समजून तिने साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसून काढले. ते बीजाणू होते, त्यांतूनच नवी रोपे येतात, आणि मी ते पिकायची वाट पाहत होते. मी तिची चांगलीच खरडपट्टी काढली. मुलगा पेपरात डोके घालून बसला. कपाटामागे एक पान पुसायचे राहिले होते, ते तिने शोधले, कागदावर ठेवले, पडलेली भुकटी ओल्या मातीवर पेरून वर काचेची बरणी पालथी घातली. कित्येक महिने काही नाही. मग शेवाळासारखा हिरवा थर आला, त्यातून नखाएवढी पाने. आज खिडकीतल्या सगळ्या लहान कुंड्या त्या एका पानाच्या आहेत. तेव्हापासून ती मला पोटच्या पोरीसारखी आहे, हे इथे स्पष्ट लिहिते.

तीन. बँकेतली ठेव मुलाला. आईने वाऱ्यावर सोडले असे त्याने कोणाला सांगू नये. शिवाय त्याला एक लहान कुंडी. ती त्याने सुनेच्या हातून घ्यावी आणि पाणी कसे द्यायचे ते तिलाच विचारावे. विचारायला जड जात असेल तर कुंडी इथेच राहील.

चार. माझ्या जाऊबाई जन्मभर म्हणत आल्या, "फूल नाही, फळ नाही, कशाला हा पसारा!" त्यांनीच दिलेली प्लॅस्टिकची फुले त्यांना परत द्यावीत. धूळ झटकून द्यावीत.

पाच. सुनेच्या पलंगाखाली एक बॅग कायम भरलेली असते. मी डोळे मिटले की मुलगा घराबाहेर काढेल, अशी तिला धास्ती आहे. मला ठाऊक नाही असे ती समजते. माझे क्रियाकर्म नंतर करा. आधी तिने ती बॅग रिकामी करावी आणि कपडे माझ्या कपाटात लावावेत.

साक्षीदार: समोरचे दंतवैद्य, खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई. दोघांनी मला सही करताना पाहिले.
स्थळ: राहते घर, उत्तरेची खोली.
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच.
सही: मृत्युपत्र करणारी, सुनेची सासू