पोळ्याआधीची सुई

चाचा,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा हा कागद पुढ्यात घेतेय. मध्येच उठते, बर्फाची पेटी उघडून लस थंड आहे ना बघते, परत बसते. ही खोड तुमचीच.

तुम्ही गुरांच्या दवाखान्यात जखमा बांधायचात आणि मी नुकतीच लागलेली पर्यवेक्षक, हुद्द्यानं तुमच्या वर, अकलेनं कितीतरी खाली. खुरकुतीची साथ होती. अकोल्याहून पेटी घेऊन निघालो आणि एसटी भर उन्हात बंद पडली. गावात पोचलो तोवर बर्फाचं पाणीसुद्धा कोमट झालं होतं. देवळासमोर अख्ख्या गावाची जनावरं बांधलेली. मी हळूच म्हटलं, देऊन टाकू, कोणाला कळतंय? तुम्ही पेटीचं झाकण लावलंत आणि सगळ्यांना सांगितलंत, लस खराब झाली. लोक वाट्टेल ते बोलले. वर तुम्ही मलाच झापलंत. "सुई टोचली का मानूस बेफिकीर होते, बेटा. लोकाइले झूठा भरोसा देतं काय? त्याच्यापेक्षा शिव्या खाय." मला इतका राग आला की परतताना मी वेगळ्या बाकावर बसले. तुम्ही मागून शेंगदाण्याची पुडी पुढे केलीत.

यंदा तुम्ही न पाहिलेला रोग आला, लंपी. अंगभर गाठी, ताप, चारा बंद. पोळ्याच्या महिनाभर आधी मी लस घेऊन गावातल्या मावशीकडे गेले, सगळेच तिला मावशी म्हणतात. ती दवाखान्यामागे झेंडू लावते, एकटी आहे, सगळी मदार बैलजोडीवर. ती दारातच आडवी आली. "आता नोको टोचू. मानेवर गाठ आली त खांदे कसे शेकू?" पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकायचं, उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं, तिथं तिला डाग चालत नव्हता. समजवायला हवं होतं. पण उकाड्यानं जीव गेला होता, आणि तिच्या शिव्या मला नको होत्या. म्हटलं, बरं, पोळा झाल्यावर येते.

पोळ्याला तोरणाखाली साऱ्या गावाचे बैल अंगाला अंग लावून उभे राहिले. मी तिच्याकडे पुरणपोळी खाऊन आले. आठवड्याभरात तिचा डावा बैल गाठींनी भरला, मग बसला, मग उठलाच नाही. त्याच्या अंगावर गोणपाट टाकत तिनं विचारलं, "बाई, तवा सुई दिली असती त वाचला असता काय वो?"

लस अंगी लागायला तीन आठवडे लागतात. चाचा, तो बहुतेक वाचला असता. मी म्हटलं, "नाही मावशी. नसता वाचला."

मला वाटलं, तिचं दुःख तेवढं हलकं होईल. आज दोन घरांनी मला दारातूनच परत पाठवलं. "सुईनं काही होत नाही, तुमीच म्हटलं ना मावशीले?" मावशीनं तिचा उरलेला बैलही टोचू दिला नाही. तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत.

हे पत्र कुठं टाकू? तुमच्या मुक्कामाला टपाल जात नाही. मावशीचं घर चार घरं सोडून आहे आणि पेटीतला बर्फ अजून तासभर टिकेल. तरी मी तुम्हालाच लिहीत बसलेय. मला अजून शिव्या खाता येत नाहीत.