राहून गेलेलं प्रकरण

नाशिक
५ ऑक्टोबर २००८

चि. पूजास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. ठरल्याप्रमाणे तू चार पानं हातानं लिहिलीस, म्हणून मीही ठरल्याप्रमाणे ब्लॉगवर तिसरा मजकूर चढवला आहे. ईमेलवर तू मला दोन ओळी पाठवतेस आणि त्यातली एक 'बाय' असते. तेव्हा ब्लॉगच्या बदल्यात पत्र मागितलं, यात आत्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तुझा जुना कॉम्प्युटर खिडकीशी मांडला आहे. शेजारच्या भिमाबाई दोनदा विचारून गेल्या, याच्यावर मालिका कधी लागतात म्हणून. टायपिंग जमतं आहे. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटायचं, हे मला आवडलं. शाळेत आम्ही याच्या बरोबर उलटं करत होतो, मनात मराठी आणि तोंडात इंग्रजी.

पुस्तकाचं विचारलंस. दहा प्रकरणं झाली. देवळ्याहून नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आलेली आठ वर्षांची मुलगी, तिची लोखंडी पेटी, सिस्टर बेनेडिक्टा, रविवारचा पातळ रस्सा, सगळं आलं. राहिलं ते दादाचं. तुझे बाबा गावच्या शाळेतच शिकले आणि सुटी लागली की मला न्यायला यायचे. ते प्रकरण नसेल तर बाकीची दहा कुणासाठी लिहिली, असं मलाच विचारावंसं वाटतं. आमचे प्रकाशक पुंजाराम गांगुर्डे म्हणतात, फेब्रुवारीतल्या पुस्तक प्रदर्शनात पुस्तक यायचं असेल तर हस्तलिखित डिसेंबरअखेर द्या, आणि बाई, तुम्हाला कुणी ओळखत नाही, तेव्हा आधी थोडे वाचक जमवा. म्हणून तर हा तुझा ब्लॉग.

पण मे महिन्यात दादा गेला तेव्हापासून त्या प्रकरणाची एक ओळ झालेली नाही. रडू येतं म्हणून थांबले असते तर समजलं असतं. मला काहीच होत नाही. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं आहे. वाईट नाही, बरंही नाही.

वहिनीला फोन केला होता. ती कांद्याच्या रोपांबद्दल बोलली, मी पंख्याच्या दुरुस्तीबद्दल. दोघींनी फोन ठेवला.

जेवण वेळेवर घेत जा. माया आहेच, पत्रही येऊ दे.

तुझी
मोहिनीआत्या


पुणे
१९ ऑक्टोबर २००८

ती. मोहिनीआत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र मी ऑफिसात, मीटिंगमध्ये टिपणं घेतल्यासारखं करून लिहिते आहे. साहेबांनी दोनदा कौतुकानं पाहिलं.

ब्लॉग छान चालला आहे. मी काही ठिकाणी वाचून तुझ्यासाठी काढलंय ते सांगते. आठवड्यातून दोनदा मजकूर टाकायचा, ठरलेल्या वारी. दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जाऊन चार चांगले शब्द लिहायचे, म्हणजे ते आपल्याकडे येतात. लिहिणाऱ्यांचा एक ईमेल गट आहे, त्यात तुझं नाव घातलं आहे. तिथे एकमेकांची पानं वाचून सांगतात, भांडतातही, पण कामाचं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुस्तक येतंय हे आधीपासून सांगत राहायचं. ते मी करून टाकलं. कालच वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की फेब्रुवारीत पुस्तक येत आहे आणि ते लेखिकेच्या दिवंगत थोरल्या बंधूंना अर्पण आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

आत्या, मला ते पुस्तक हवंय. तुला माहीत आहे, मी देवळ्याला पोचले तेव्हा सगळे स्मशानातून परत आले होते. अंगणात चपला होत्या आणि बायका भांडी घासत होत्या. मला बाबा कुठेच दिसले नाहीत. निदान छापलेले तरी दिसावेत. तू लिहिशील ना? तुला सगळं लिहिता येतं.

आई बरी आहे असं आई म्हणते. थंडी पडायला लागली असेल, स्वेटर काढ. तुझा लोभ आहे तसाच हवा.

तुझी
पूजा


नाशिक
२३ नोव्हेंबर २००८

चि. पूजास अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. रागावले नव्हते, कामात होते.

तू ती मोठ्या अक्षरांतली ओळ लिहिलीस आणि लोकांनी दादासाठी सांत्वनं धाडायला सुरुवात केली. कोण कुठले लोक, एक जण तर कुवेतमधून. सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, आलेल्या पत्राला त्या आठवड्यात उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला उभं ठेवणं. दर शनिवारी त्या आमची पत्रं मोजून घ्यायच्या. ती सवय हाडात गेली आहे. मी एकेकाला उत्तर लिहिलं. आपले शब्द पोचले, दादा फार मायाळू होता, आपली आभारी आहे. पुढच्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. काही दिवसांनी दादा फार मायाळू होता हे वाक्य मला 'बँक दोन वाजता बंद होते' असं दिसायला लागलं.

त्यांनी पुन्हा उत्तरं दिली, मग मी पुन्हा दिली. एका कुठल्याशा केसांच्या तेलाच्या कंपनीनं लिहिलं, की आपला लेख अतिशय सुंदर आहे, आमच्या पानाला भेट द्या. मी भेट दिली आणि परतून सविस्तर लिहिलं, की माझे केस आता पातळ झाले आहेत पण आईचे शेवटपर्यंत दाट होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. मला जरा उद्धट वाटले.

सकाळी चहा झाला की कॉम्प्युटर लावते. ठरलेल्या वारी मजकूर, मग दुसऱ्यांचे ब्लॉग, मग तुझा तो गट, मग उत्तरं. जेवायला तीन वाजतात. इतकं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, आणि प्रकरणाची एक ओळ नाही. गांगुर्ड्यांनी फोनवर विचारलं, मी म्हटलं चाललं आहे. त्यांनी विचारलं, काय चाललं आहे. चतुर माणूस.

खरं सांगू का, मला हे सोयीचं आहे. उत्तरं देताना काही वाटावं लागत नाही. डिसेंबरअखेर ही दहा प्रकरणंच द्यावीत आणि मोकळं व्हावं, असं हल्ली मनात येतं. तू म्हणतेस मला सगळं लिहिता येतं. येत नाही गं.

थंडीनं बोटं आखडतात. तब्येतीला जप, आणि आत्यावर रुसू नकोस.

तुझी
मोहिनीआत्या


पुणे
२ डिसेंबर २००८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं. तेलाच्या कंपनीपाशी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. आत्या, ती माणसं नसतात. तो आपोआप जाणारा मजकूर असतो. तू एका यंत्राला आजीच्या केसांबद्दल सांगितलंस.

मग घरी येऊन पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही. दहा प्रकरणं देऊ नकोस.

मला एक सांग. सिस्टर शनिवारी पत्रं लिहायला किती वेळ द्यायच्या? बाबा सांगायचे, तू म्हणायचीस की एक तास, आणि घंटा झाली की अर्ध्या वाक्यावर टाक ठेवावा लागायचा. आणि बुधवारी कुणी पत्र लिहिताना सापडली तर? तुझी दौतच जप्त झाली होती ना? मग अर्धाच नियम काय पाळतेस?

तेव्हा आता असं कर. सकाळी दहापर्यंत कॉम्प्युटरवरचं कापड काढायचं नाही, फक्त कागद. उत्तरं शनिवारी एक तास, घड्याळ लावून. आठवड्यातून दोनदा टाक हे मी सांगितलं होतं, ते विसर. महिन्यातून दोनदा पुरे, तेही झालेल्या प्रकरणांतलं एखादं पान. नवीन काही लिहायचं नाही. पुस्तकाचा गाजावाजा माझ्याकडे दे, मला तेवढंच येतं. गटात फक्त एका बाईंशी संबंध ठेव. त्या साक्रीच्या आहेत, शिक्षिका आहेत आणि तुझ्याहून हळू लिहितात. दोघींनी दर आठवड्याला एक पान झालं की नाही एवढंच एकमेकींना कळवायचं.

आणि काही वाटेल म्हणून थांबू नकोस. मी पण थांबले आहे. रोज रात्री ब्लॉगवर किती लोक आले त्याचे आलेख काढते, रंगीत. बाबांसाठी मी अजून एवढंच केलंय. मलाही काही वाटत नाही, पण आलेख तरी होतो.

डिसेंबरअखेर जमलं नाही तर पुढचं प्रदर्शन. गांगुर्ड्यांशी मी बोलेन, ते मला घाबरतात. आशीर्वाद आहेतच, तेवढे मागे घेऊ नकोस.

तुझी
पूजा


नाशिक
१८ जानेवारी २००९

चि. पूजास संक्रांतीचे आशीर्वाद. तिळगूळ वेगळा पाठवला आहे, या वेळी मऊ झाला आहे.

प्रकरण झालं.

ब्लॉगवर सूचना लिहायला मला प्रकरणापेक्षा जास्त वेळ लागला. यापुढे उत्तराला उशीर होईल, कृपया अवमान समजू नये, असं सहा वेळा खोडून लिहिलं. मग वाट पाहिली. कुणी रागावलं नाही. कुवेतच्या गृहस्थांनी बरं म्हटलं, बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. जरा अपमान वाटला आणि मग फार हलकं वाटलं.

नंतर रोज सकाळी बसले. साक्रीच्या बाई शनिवारी लिहायच्या, अर्धं पान. मी लिहायची, पाऊण. एवढाच पत्रव्यवहार. काही दाटून आलं नाही, पूजा. मी वाट पाहणं सोडलं आणि जे दिसलं ते क्रमानं लिहिलं. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर दादा उभा असायचा, चेहरा हिरवट, हातात अर्धं लिंबू. त्याला एस.टी. अजिबात सोसायची नाही. देवळ्याहून येताना सौंदाण्याला उलटी, चांदवडला उलटी. घाटात खिडकीबाहेर डोकं. तरी प्रत्येक सुटीला तोच यायचा. वडील गड्याला पाठवतो म्हणायचे तर हा ऐकायचा नाही. परत जाताना मी खिडकी मागायची आणि तो द्यायचा. हे सगळं लिहिताना हात दुखला, बाकी काही नाही. वाक्यं बरी असतील की नाही, सांगता येत नाही.

गांगुर्डे रोज विचारतात. प्रदर्शनाला पुस्तक येणार नाही हे त्यांनी मानलं आहे, पण प्रकरण लगेच मागतात. मी दिलं नाही. त्याची झेरॉक्स काढून वहिनीला पाठवली आहे. नवरा तिचा होता. ती नको म्हणाली तर हे प्रकरण छापायचं नाही, आणि मग पुस्तकही नाही, हे मी ठरवलं आहे. तुला वाईट वाटेल, पण तसंच आहे.

तिचं उत्तर येईपर्यंत मी कपाटं आवरते आहे. तूही आलेख बाजूला ठेव आणि झोप. जीव लावून आहेस, तशीच राहा.

तुझी
मोहिनीआत्या


देवळा
४ फेब्रुवारी २००९

प्रिय मोहिनीवन्संना सविताचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. कांदा काढणीला आला, माणसं मिळत नाहीत. तुमचा तिळगूळ आणि कागद मिळाले. कागद आठ दिवस देव्हाऱ्याखाली ठेवले होते. काल दुपारी वाचले.

वन्सं, तुम्हाला पटायचं नाही, पण मला तुमचा राग आला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. मी त्यांना दर श्रावणात म्हणायची, त्र्यंबकेश्वराला नेऊन आणा. ते म्हणायचे, सविता, मला मोटार सोसत नाही, माझ्यानं एवढं बसवत नाही. मी मानलं. माहेरीसुद्धा एकटी जायची, पोरीला काखेत घेऊन. सगळ्यांना सांगायची की आमच्या ह्यांना गाडी लागते. आणि तुम्ही लिहिता की दर सुटीला नाशिकपर्यंत ओकत यायचे. बहिणीसाठी चालत होतं. वर खिडकीही तुम्हालाच.

मी वाचता वाचता मोठ्यानं बोलले त्यांना. खूप बोलले. शेजारची भागुबाई लसूण सोलत ओट्यावर बसली होती, ती आत येऊन बघून गेली की घरात कोण आलंय. मग मी रडले. ते गेले तेव्हा सगळ्या बायका म्हणत होत्या, रड बाई, मोकळी हो, आणि मला काही येत नव्हतं. मी चहाचे कप मोजत बसले होते. काल आलं. संध्याकाळपर्यंत थांबलंच नाही. रात्री भाकरी गोड लागली.

तुम्ही नको म्हटलं तर छापणार नाही असं लिहिलंय. छापा. खाडाखोड करू नका, त्यांना देवमाणूस करू नका, लिंबू तसंच राहू द्या. पूजीलाही वाचायला द्या, तिनं बापावर एकदा चिडावं.

आणि चैत्रात मी नाशिकला येते. आपण दोघी त्र्यंबकला जाऊ. खिडकीत मी बसणार. माया कमी करू नये.

तुमची
सविता