वज्रमल्ल चाळीस फुटांवर

१० नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठे दिग्दर्शक लिहितात.

वज्रमल्ल हा माझा तिसरा सुपरहिरो. ‘विजेरी’ अर्धा राहिला. ‘घारमाणूस’ एक शुक्रवार चालला; प्रेक्षक तयार नव्हते. वज्रमल्ल मी सातवीत वहीत काढला, पुढे त्याचं कॉमिक्स छापलं. पान एकतीसवर राक्षस त्याला बुरुजावरून फेकतो. तो पाठीवर पडतो आणि उठतो. सगळा सिनेमा त्या उठण्यात आहे.

शॉट रविवारी, उचगावच्या माळावर. क्रेन ठरली. चाळीस फुटांवर पट्ट्यांनी आडवं लटकायचं, तोंड आभाळाकडे, हळूहळू खाली येऊन गादीवर पाठ टेकवायची. नायक आकाराम, तालमीतला खरा पैलवान. भीती त्याला ठाऊक नाही. आमच्यात हे साम्य आहे.

घरची टाकी धुवायची आहे. शिडीवर माझी बायको रूपाली चढेल. मला विचार करायचा असतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आकाराम शॉट करणार नाही. उंचीचं काही नाही. म्हणाला, “चाळीस काय, चारशे फुटावर टांगा. पर पाठ लावायची न्हाय.” मी म्हणालो, अरे, सिनेमा खोटा असतो. म्हणे, “सिनेमा खोटा आसंल. पाठ माझी खरी हाय की. वस्तादांस्नी काय तोंड दावू?”

कुस्तीत पाठ लागली की माणूस हरला. कोल्हापुरात हे पोरासोरांना कळतं. पैलवान घेताना मी खांदे पाहिले.

निर्माता अमरसिंह, माझा शाळेतला मित्र, सगळ्या युनिटसमोर म्हणाला, “श्रेण्या, सोमवारी मुंबईची पैसेवाली माणसं येत्यात. पडायचा शॉट दिसला न्हाय तर पिक्चर बंद. मग बस लग्नं शूट करत.”

मी म्हणालो, मुखवटा तर आहे. मीच करतो. त्यात काय.

टाळ्या पडल्या. माघार घेता येईल इतक्या लवकर थांबल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ६
झोप उत्तम. तीनदा लागली.

तळहात ओले. हवा दमट असावी. पंखा नेहमीपेक्षा उंच वाटला.

संकल्प: रोज शिडीच्या दोन पायऱ्या. रविवारपर्यंत चाळीस फूट सहज.

सकाळी ९. दुसऱ्या पायरीवर होतो. रूपालीनं विचारलं, बल्ब बदलताय का? हो म्हणालो. तिथे बल्ब नाही. तिनं वर छताकडे पाहिलं. मग म्हणाली, “उतरा आता. एक पाय खाली ठेवा. हां. आता दुसरा.”

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शिडीला सुट्टी. गुडघा. कुठला ते अजून ठरलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आईचा फोन. तिला कुणी सांगितलं कळत नाही. रूपालीच. आई म्हणाली, “कुरुंदवाडचं आठवतंय न्हवं?”

आठवतं. नऊ वर्षांचा होतो. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, उंच मानस्तंभाचा अभिषेक. बाबांनी परांचीवर चढवलं, हातात कलश दिला. वर गेल्यावर मी खांबाला मिठी मारली. कलश खाली पडला. आई म्हणते चार माणसांनी मला सोडवलं आणि मी रडत होतो. मी चिंतनात होतो. वहीत उडणारी माणसं त्याच आठवड्यापासून काढू लागलो. याचा त्याच्याशी संबंध नाही.

जेवण नको वाटलं. सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. तो मावळेपर्यंत ताटाकडे पाहत बसलो. मग नियमच झाला.

अक्षर वाकडं येतं आहे. पेन खराब.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ४
झालं.

मुखवटा चढवला. पट्टे आवळले. क्रेनचा आवाज आला आणि मी डोळे मिटले, एकाग्रतेसाठी. मग उचललो गेलो. वर. आणखी वर. माणसांचे आवाज बंद झाले. वारा होता. एकदा वाटलं, मरतोय. तेवढ्यात पाठीखाली काहीतरी ऊबदार आणि भक्कम आलं. हवेचा आधार. उडणाऱ्यांना हा जाणवत असणार. सहा मिनिटं त्यावर तरंगलो.

खाली उतरवलं तेव्हा सगळ्यांचे हात तोंडावर होते. भारावले होते.

चाळीस फूट! आईला फोन करून सांगितलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
फुटेज पाहिलं. अमरसिंह, मुंबईची दोन माणसं, आकाराम, मी.

क्रेन सुरू होते. पट्टे ताणतात. मी ओरडतो, “आई, धर!” क्रेनवाला जागीच थांबतो. पुढची सहा मिनिटं मी तिथेच आहे. मागून एक म्हैस जाते. तिची पाठ माझ्या पाठीपेक्षा वर आहे.

माझ्या पाठीखाली एक हात आहे. आकारामचा. तो गुडघ्यावर बसला आहे, दुसऱ्या हातानं म्हशीला हाकलतो आहे.

मुंबईची माणसं पोट धरून हसली. अमरसिंह हसला नाही. आकारामला म्हणाला, “हात का घातलास रं? पाठच टेकवायची हुती की.”

आकाराम म्हणाला, “माणूस भ्यालता. भ्यालेल्याची पाठ लावत न्हाईत, मालक.”

पिक्चर बंद.

२० नोव्हेंबर, गुरुवार
वज्रमल्लला मुळात उडताच येत नाही. कॉमिक्स नीट वाचलं तर कळतं.

गडहिंग्लजचं एक लग्न आलं आहे. हॉल तळमजल्यावर आहे. विचारून घेतलं.

संध्याकाळी रूपाली टाकी धुवायला चढली. म्हणाली, “शिडी तेवढी धरा.”

धरली. दोन्ही हातांनी, डोळे मिटून. वरून तिनं विचारलं, “धरलीय न्हवं?”

हो म्हणालो. ती म्हणाली, “मग थरथरतेय का?”