माझ्या नावाचं पाकीट

आई, आज सकाळी अंगणवाडीत जाऊन माझं नाव घातलं. गरोदर बाई म्हणून. तू म्हणशील, त्यात काय एवढं सांगायचं. पण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. दुपारची वेळ आहे, पोरगी झोपलीय, सासूबाई गोठ्यात आहेत. म्हणून लिहायला बसले. मला सहावा महिना लागलाय. ही दुसरी खेप. रक्त फार कमी भरलं म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता का?" मी म्हटलं, "आईला होता." त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "मग आता कशा आहेत आई?" दुसऱ्याच बाळंतपणात तू गेलीस आणि बाळही गेलं, हे त्या खुर्चीवर बसून सांगायला माझी जीभ उचलेना.

मला तुझी अंगणवाडी आठवते. शाहूवाडीकडची आपली ती डोंगरातली वाडी, देवळाशेजारची एक खोली, आणि मागं पत्र्याखाली तुझी चूल. तू मदतनीस. बाई शिकवायच्या, तू रांधायचीस. खिचडीचं पातेलं उतरवताना तुझ्या हाताच्या शिरा फुगलेल्या मला अजून दिसतात. एकदा मी सुकडीच्या डब्यात हात घातला तर तू पळी हाणलीस माझ्या मनगटावर. "आधी सगळ्या पोरांचं हुंदे. मग तुझं." मीही त्याच पोरांतली होते, माझंही नाव पटावर होतं, पण तुझी पोरगी म्हणून माझी पाळी कायम शेवटी. पुढं तुला दिवस गेले. बाई म्हणाल्या, "अगं, तुझं बी नाव घालूया की. तुझा हक्क हाय." मी दारात शेंगा फोडत बसले होते. तू भांडी घासता घासता म्हणालीस, "नको बाई. लोक म्हणतील, रांधती बी हीच आणि खाती बी हीच." तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! शाळेत मैत्रिणींना सांगितलं मी, माझी आई एका कणालाही हात लावत नाही म्हणून. आता तेच वाक्य आठवलं की तुझा राग येतो. कोण होते गं ते लोक? तुला दवाखान्यात नेलं तेव्हा त्यातलं कोण आलं होतं सोबत?

माझं सासर कागलकडचं. नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर आहे, पाळी असेल तसा जातो-येतो. घरात सासू, ज्यांना इकडच्या रिवाजानं मी आत्ती म्हणते, आणि दोन म्हशी. म्हशींचा मान माझ्याहून मोठा, यात थट्टा नाही. पहिल्या खेपेला अंगणवाडीतून माझ्या नावाची पोषण आहाराच्या पिठाची पाकिटं यायची. आत्ती स्वतः जाऊन घेऊन यायच्या आणि दारातच फोडून म्हशीच्या आंबोणात ओतायच्या. पेंड, भुसा, त्यावर सरकारचं पीठ. "म्हस बघ कशी चाटून खाती. फॅट बी चांगली लागाय लागली." दूध सगळं डेअरीला. मला चहापुरतं. वाईट म्हणून करत होत्या असं नाही, सरकारनं फुकट दिलेलं माणसानं खायचं नसतं अशी त्यांची ठाम समजूत. या गावात अर्ध्या घरांत हेच चालतं. पोरगी जन्मली ती मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवली आणि मी काचेला नाक लावून उभी राहायचे. आत्तीही रडल्या, खोटं कशाला सांगू. पण मी म्हटलं, "आत्ती, ते पीठ माझ्या पोटात गेलं असतं तर," तशा उसळल्याच. "माझी तीन कशी वाढली मग? कुणी पाकिटं दिलती मला?"

आता नियम बदललाय. बाईनं स्वतः जायचं, मोबाईलवर तिचा चेहरा दाखवायचा, चेहरा जुळला तरच पाकीट हातात. घरच्या दुसऱ्या कुणाला मिळत नाही. गावातल्या बायका त्या मोबाईलला शिव्या घालतात, कारण रेंज नसते, चेहरा जुळत नाही, पोरं कडेवर रडत असतात. खूश झालेली मी एकटीच असेन. म्हटलं, या वेळी आत्तींच्या हातात जाण्याआधी ते माझ्या हातात येणार. पण नाव घालताना आधार कार्डाला जोडलेल्या मोबाईलवर एक नंबर येतो, तो सांगावा लागतो. आणि माझ्या आधारला मोबाईल नवऱ्याचा. लग्नानंतर नाव बदलायला गेलो तेव्हा त्यांनी आपलाच दिला. इथल्या सगळ्या सुनांचं असंच आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पोरीचं वजन करून आणते असं सांगून सकाळी निघाले. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, "आज नाव चढलं तर आजच पाकीट देते. आज ऱ्हायलं तर पुढच्या महिन्यावर गेलं बघ." त्यांनी नंबर पाठवला. मी नवऱ्याला फोन लावला. उचलेनात. तू यंत्रमागाचं शेड कधी पाहिलं नाहीस. आत इतका खडखडाट असतो की माणसं ओठ आणि हात बघून बोलतात, खिशातला फोन कुठला ऐकू येतो! तेवढ्यात नंबरची मुदत संपली. ताईंनी परत पाठवला. मी परत लावत बसले. "आता एकदाच," ताई म्हणाल्या, "सारखं पाठवलं की हे बंद पडतंय." पोरगी वजनकाट्याच्या झोळीत बसून पाय झाडत होती. आणि दारातून मला आत्ती दिसल्या. डेअरीत दूध घालून, रिकामी किटली हातात घेऊन येत होत्या.

"झालं न्हाय व्हय अजून वजन?" म्हणत त्या उंबऱ्यावर टेकल्याच. आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन आला.

"काय झालं? पोरगी बरी हाय न्हवं?" त्यांच्या मागं सगळे माग धडधडत होते.

मी हळूच म्हटलं, "एक नंबर आलाय बघा मोबाईलवर. तेवढा सांगा."

"काय? ऐकू येईना! मोठ्यानं बोल!"

ताईंनी घड्याळाकडं बघितलं. आत्ती माझ्याकडं बघत होत्या. कुजबुजून चालणारच नव्हतं, आई. मी ओरडले. "अंगणवाडीत माझं नाव घालालेत! माझ्या खाण्याच्या पाकिटासाठी! नंबर सांगा!"

"आईला इचारलंस काय?"

"आत्ती हितंच बसल्यात. तुम्ही नंबर सांगा."

तिकडून नुसता खडखडाट. मला वाटलं, ठेवला फोन. मग तो आवाज हळूहळू मागं पडला, ते चालत बाहेर आले असणार, आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. मग न विचारता परत एकदा सांगितला. ताईंनी तो घातला आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "सरळ बघा. आता डोळं मिटून उघडा." डोळे भरलेले होते, मिटले की पाणी ओघळायचं. ताईंनी आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आणि एकदा." मग चेहरा जुळला.

घरापर्यंत आत्ती रिकामी किटली हलवत माझ्यापुढं चालल्या. अंगणात पोचल्या तशी किटली ठेवली, आंबोणाचं घमेलं पुढं ओढलं आणि हात लांब केला. "आण हिकडं. म्हस उपाशी हाय."

"मी बी उपाशी हाय, आत्ती."

"म्हंजे? आम्ही उपाशी ठेवलंय तुला? जा, गावभर सांगत सुट आता! शेडात बी सांगितलंस, आणि कुठं ऱ्हायलंय?" त्यांनी पाकिटाला हात घातला. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. शेजारी ऐकत असणार, पण मला कसली शुद्ध! मी म्हटलं, "माझी आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. अंगात रक्त नव्हतं तिच्या. मला जायचं न्हाय, आत्ती."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तू कशी गेलीस हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाकीट सोडलं. मग घमेलं आपटलं, पेंड ओतली, म्हशीला दोन शिव्या घातल्या, त्यातली एक बहुतेक माझी होती. गोठ्यात जाता जाता म्हणाल्या, "तुपात नीट भाज. कच्चं ऱ्हायलं तर पोटात दुखंल." तूप कुठल्या डब्यात आहे ते मला माहीत होतं. त्याला हात लावायची आजवर मुभा नव्हती.

मी शिरा केला. एवढं रामायण झालं, पण चव काही धड नव्हती बघ, पिठूळच लागत होता. तरी मी ताटलीत घेतला आणि चुलीपाशी फतकल मारून बसले.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. पोरगी आली आणि "मला" म्हणाली. ती सकाळी भाकरी-दूध खाऊन गेली होती, तरी हात पुढं करून उभी राहिली. तू असतीस तर ताटली तिच्यापुढं सरकवून उठली असतीस. मी तिला म्हटलं, थांब, आधी माझं होऊ दे. ती रडायला लागली. ती रडत होती आणि मी खात होते. पोट भरलं, मग उरलेलं तिला दिलं. मला वाईट वाटलं नाही, आई. तूही असं एकदा तरी केलं असतंस, तर हे मी तुला समोर बसून सांगितलं असतं.